सिपाकिरा: डोंगराच्या पोटातलं मीठ आणि आमचे उरणचे बाबा

कोलंबियाच्या राजधानीला, बोगोटाला, जाणारे बहुतेक लोक जवळचं मिठाच्या खाणीचं गाव सिपाकिरा अर्ध्या दिवसात उरकतात. सकाळी टूरची गाडी, खाणीतलं चर्च, फोटो, आणि जेवायला परत बोगोटात. आम्ही तिथे चक्क मुक्काम ठोकला, त्याचं कारण बाबा. ते उन्हाळ्यात आमच्याकडे ह्यूस्टनला आले होते आणि ते मूळचे उरणचे, आजोबा मिठागरावर कामाला, बाबांचं अख्खं लहानपण वाफ्यांच्या बांधावर गेलेलं. सैंधव त्यांना माहितीये, उपासाला घरात असायचंच, पण ते ज्या खाणीतून निघतं तशी खाण कधी बघितली नव्हती. कोलंबियात डोंगराच्या आत मिठाचा अख्खा थर आहे असं मी म्हणलं तर म्हणाले, "चल, बघूनच येऊ." व्हिसाचं आमचं अमेरिकेच्या व्हिसावर भागलं, तुम्ही तुमचं कॉन्सुलेटच्या साइटवर बघून घ्या कारण हे नियम बदलत असतात.

दिवस पहिला, गुरुवार

आदल्या रात्री बोगोटाला उतरलो होतो. सकाळी लाल ट्रान्समिलेनिओ बस पकडून शहराच्या उत्तर टोकाला पोर्तल नॉर्तेला गेलो, तिथूनच गावोगावच्या बस सुटतात. बसच्या काचेवर नुसतं 'सिपा' लिहिलेलं असतं आणि दारात लटकलेला पोरगा वडापवाल्यासारखा "सिपा सिपा सिपा" ओरडत असतो, त्यामुळे स्पॅनिश येत नसलं तरी चुकायची सोय नाही. अंतर पन्नासेक किलोमीटर, पण शहरातून बाहेर पडेपर्यंतच ट्रॅफिकने जीव खाल्ला.

शहर संपलं की एकदम सपाट हिरवं पठार लागतं, त्याला सबाना म्हणतात, आणि दोन्ही बाजूंना प्लास्टिकची हरितगृहंच हरितगृहं. सगळी फुलांची. फुलांच्या निर्यातीत नेदरलँड्सनंतर जगात कोलंबियाचाच नंबर लागतो, आणि व्हॅलेंटाइनला अमेरिकेतल्या दुकानात जे गुलाब अव्वाच्या सव्वा भावाने विकतात त्यातले ढीगभर इथूनच विमानाने आलेले असतात. नवऱ्याने हे ऐकून खिडकीबाहेर बघणंच बंद केलं.

सिपाकिरा २६५० मीटरवर आहे. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर अजून हजार मीटर चढवा तेवढं. पण चढ जाणवतच नाही, कारण बोगोटाच मुळात २६०० मीटरवर आहे. जाणवतो तो दम. बसमधून उतरून दोन गल्ल्या चढलो आणि बाबा एका घराच्या पायरीवर बसले ते बसलेच. मग आमच्या गेस्ट हाउसच्या मालकीणबाईंनी आत नेऊन गरम गरम आग्वा दे पानेला दिलं, म्हणजे सरळ गुळाचं उकळलेलं पाणी, आणि सोबत चीजचा मोठा तुकडा, तो त्यात बुडवून खायचा. बाबा एकदम खूश. पाहुण्याला गूळपाणी देणारी माणसं चांगलीच असणार असा त्यांनी तिथल्या तिथे निकाल दिला. चीज मात्र माझ्या कपात सरकवलं.

दुपारी गाव बघितलं. १८ जुलै १६०० ला स्पॅनिश लोकांनी इथे रीतसर गाव वसवलं, पण वस्ती त्याच्या कितीतरी आधीची, मुइस्का लोकांची, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची. जुन्या भागात पांढऱ्या भिंती, कौलं, लाकडी सज्जे, दगडी फरसबंदी, आणि सगळं मधल्या मोठ्या चौकाकडे उतरतं. चौकात जे दगडी कॅथेड्रल आहे ते खरं कॅथेड्रल, बिशपचं. ते पूर्ण व्हायला १९१६ उजाडलं, काम शंभराच्या वर वर्षं चाललं होतं! आपल्याकडचे रखडलेले उड्डाणपूल उगाच बदनाम आहेत. खाणीतलं जे जगप्रसिद्ध आहे ते कागदोपत्री कॅथेड्रल नाहीच, कारण तिथे बिशप बसत नाही.

या चौकाचं नाव प्लाझा दे लोस कोमुनेरोस. आणि इथे थोडा वेळ थांबायलाच हवं, कारण टूरवाले इथून गाडी नुसती फिरवून नेतात. झालं असं की अठराव्या शतकात स्पेनला लढायांसाठी पैसा हवा होता, मग वसाहतींवर कर वाढवले, तंबाखूवर, दारूवर, विक्रीवर. मिठाचंही तेच. पिढ्यानपिढ्या ज्या मुइस्का लोकांनी इथलं मीठ काढलं त्यांच्या हातातून १७७० च्या दशकाच्या शेवटी मिठाचा ताबा काढून घेतला आणि त्यांना उठवून शेजारच्या नेमोकोनला नेऊन टाकलं. १६ मार्च १७८१ ला उत्तरेकडच्या सोकोर्रो गावात मान्वेला बेल्त्रान नावाच्या बाईने कराचा हुकूम लोकांसमोर टराटरा फाडला आणि भडका उडाला. वीसेक हजार माणसं राजधानीच्या रोखाने निघाली आणि या सिपाकिराच्या माळावर येऊन थांबली.

राजधानीत फारसं सैन्य नव्हतं. मग आर्चबिशप काबाल्येरो इ गोंगोरा बोलणी करायला आले. ३५ कलमांचा करार झाला, कर कमी करू, मूळ लोकांना त्यांच्या जमिनी आणि मिठाचे झरे परत देऊ वगैरे वगैरे, आणि जून १७८१ मध्ये देवाची शपथ घेऊन तो मान्यही केला. लोक विश्वासाने घरी गेले. मग व्हाइसरॉयने कळवलं की असला करार आम्ही मानत नाही. होसे आन्तोनिओ गालान या पुढाऱ्याने परत लढा उभारायचा प्रयत्न केला, त्याला पकडून १ फेब्रुवारी १७८२ ला बोगोटात मारलं. आणि आर्चबिशपसाहेब? त्याच वर्षी ते स्वतः व्हाइसरॉय झाले.

हे सगळं मी बाबांना बाकावर बसून मोबाइलवरून वाचून दाखवत होते. ते म्हणाले, "मिठाला हात लावला की लोक उठतातच. शिरोड्याला नाही का उठले?" शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह १९३० चा, बाबांच्या जन्माच्या आधीचा, पण मिठागरवाल्या घरात तो ऐकून ऐकून स्वतः बघितल्यासारखा झालेला असतो.

रात्री अहियाको खाल्लं. तीन जातीचे बटाटे, त्यातला एक शिजून पार विरघळतो आणि रस्सा दाट करतो, चिकन, मक्याचं कणीस, ग्वास्कास नावाचा पाला, वरून साय आणि बाजूला आवोकाडो. थंडीत याच्यासारखं काही नाही. बाबांचा शेरा: "मीठ कमी आहे." मिठाच्या गावात!

दिवस दुसरा, शुक्रवार

आज खाण. चौकापासून चालत वीसेक मिनिटं, शेवटी पायऱ्या आहेत, दम्याचा त्रास असणाऱ्यांनी सरळ टॅक्सी करा. परदेशी लोकांना तिकीट वेगळं आणि चांगलंच महाग. शुक्रवारी सकाळी गर्दी कमी होती, रविवारी आत प्रार्थना असते आणि सुट्टीची झुंबड उडते असं सगळेच सांगत होते.

तोंडाशी बोगदा, लाकडी आधार, आणि आत शिरल्या शिरल्या किंचित गंधकाचा वास. मला वाटलं होतं आत सगळं पांढरंशुभ्र असेल. तर अजिबात नाही. भिंती काळ्या-करड्या, ओल्या ग्रॅनाइटसारख्या चमकणाऱ्या, मिठात मातीखडक मिसळलेला असतो ना. मध्ये मध्ये पायराइटचे सोनेरी कण लुकलुकतात. जिथे पाणी झिरपून वाळलंय तिथे तेवढं पांढरं मीठ फुलून आलंय.

एका कोपऱ्यात बाबांनी भिंतीवर बोट घासलं आणि जिभेवर ठेवलं. (गाइडचं लक्ष नव्हतं, आणि असतं तरी तो काही बोलला नसता, इथे निम्मे लोक भिंत चाटूनच बघतात.) बराच वेळ तोंड हलवत उभे राहिले. मग म्हणाले, "कडू नाही गं हे." मला कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं की मिठागरात वाफ्यात पाणी आटत आटत मीठ खाली बसतं, तेव्हा वर जे शेवटचं पाणी उरतं ते वेळेवर काढून टाकावं लागतं, नाहीतर मीठ कडवट होतं आणि व्यापारी भाव पाडतो. आजोबा ते पाणी नुसतं बोटाला लावून ओळखायचे म्हणे. ते कडूपण मॅग्नेशियमचं, हे नवऱ्याने गूगल करून सांगितलं. मी या माणसाची मुलगी, आणि हे मला आज कळतंय, तेही अँडीज पर्वताच्या पोटात.

हे मीठही समुद्राचंच आहे बरं का. डायनासोरच्या काळात इथे समुद्र होता, तो आटला, मिठाचे थर बसले, त्यावर गाळ साचून ते गाडले गेले, आणि मग कोट्यवधी वर्षांनी अँडीज वर उचलला गेला तेव्हा त्या दाबाने मीठही वर ढकललं गेलं. म्हणजे बाबांचं "मीठ समुद्राचंच" हे म्हणणं शाबूत राहिलं, आणि त्यांनी ते दिवसभरात बऱ्याचदा ऐकवलं.

आता चर्चबद्दल. खाणीतले कामगार कामावर जाण्याआधी आतच प्रार्थना करायचे, त्यांच्या लहान देव्हाऱ्यांतून ही कल्पना निघाली. पहिलं चर्च १५ ऑगस्ट १९५४ ला सुरू झालं. पण ते चालू खाणीत, त्यामुळे पुढे बांधकामाचे प्रॉब्लेम सुरू झाले आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते बंद करावं लागलं. मग त्याच्या साठेक मीटर खाली नवीन कोरलं, रोझवेल गारावितो पर्ल नावाच्या आर्किटेक्टने, आणि १६ डिसेंबर १९९५ ला ते उघडलं. त्यासाठी अडीच लाख टन मीठ बाहेर काढलं म्हणतात. आपण आत्ता बघतो ते हे, जमिनीखाली १८० मीटरवर.

खाली उतरताना वाटेत येशूच्या शेवटच्या प्रवासाचे १४ टप्पे आहेत. इतर चर्चमध्ये असतात तशी चित्रं किंवा पुतळे नाहीत, प्रत्येक टप्प्याला एक रिकामी खोल गुहा, आणि त्यात नुसता क्रॉस. कुठे मोठा, कुठे जमिनीत रुतलेला, कुठे क्रॉसच्या जागी फक्त पोकळी. मी ख्रिश्चन नाही, मला त्यातलं फार कळत नाही, पण एवढं कमी दाखवून एवढा परिणाम होतो हे मानलं. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यानंतर आमची बडबड आपोआप बंद पडली.

मग एका सज्जावरून खालचा मुख्य भाग दिसतो, आणि समोरच्या भिंतीवर १६ मीटर उंच, १० मीटर रुंद क्रॉस. वरून बघितला तर तो भिंतीच्या पुढे उभा आहे, हवेत तरंगतोय असंच वाटतं. खाली जाऊन जवळ गेल्यावर कळतं की तिथे क्रॉस नाहीच. भिंतीत क्रॉसच्या आकाराचा खड्डा आहे आणि आतून दिवा. वेरूळ बघितलेल्या माणसाला नको तेवढं काढून टाकून देऊळ करणं नवीन नाही, पण तिथे जे राहिलं त्याची पूजा, इथे जे काढलं त्याची. मुख्य भागात चार अजस्र गोल खांब आहेत, चार शुभवर्तमानं लिहिणाऱ्यांच्या नावाचे. बाबांनी एका खांबाला पाठ लावून बघितली आणि गार लागली म्हणून लगेच मफलर घट्ट केला.

माझं मत विचाराल तर इथेच थांबावं. पुढे जे आहे ते निव्वळ जत्रा. निळे-जांभळे बदलते दिवे, लाइट शो, थ्रीडी सिनेमा, पाचूच्या दागिन्यांची दुकानं, कॉफी शॉप, मिठाचे दिवे. १४ टप्पे शांतपणे उतरून आल्यावर एकदम कुणीतरी कानाशी भोंगा वाजवावा तसं झालं. नवऱ्याला मात्र लाइट शो आवडला, त्याने व्हिडिओ काढला, घरच्या ग्रुपवर टाकला, त्यावर पंचवीस अंगठे आले, तेव्हा माझं मत अल्पमतात आहे.

वेगळे पैसे भरून 'खाणकामगारांचा मार्ग' करता येतो, तो मात्र नक्की करा. हेल्मेट घालून, वाकून, एका जागी दिवा बंद करून अंधारात पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून चालायचं, आणि शेवटी कुदळ देतात, भिंतीवर मारून बघा म्हणतात. मी मारली तर कुदळ टणकन उडाली, भिंतीला ओरखडासुद्धा नाही. बाबांनी कोन बघून मारली आणि मुठीएवढा तुकडा पाडला. गाइडने टाळ्या वाजवल्या. आता खाली असं कुणी खणत नाही, पाणी सोडून मीठ विरघळवतात आणि ते खारं पाणी पाइपने वर आणून आटवतात. बाबा म्हणाले, "म्हणजे फिरून मिठागरच की."

दिवस तिसरा, शनिवार

सकाळी बसने नेमोकोन, पंधरा किलोमीटर. तेच नेमोकोन जिथे सिपाकिराच्या लोकांना नेऊन टाकलं होतं. गाव छोटं, खाणही छोटी आणि फार खोल नाही, गर्दी जवळपास शून्य, आणि खरं सांगू का, मला ही जास्त आवडली. आत खाऱ्या पाण्याची टाकी आहेत. पाणी इतकं नितळ आणि स्थिर की खाली खोल दरी आहे आणि तिच्या तळाला अजून एक गुहा आहे असंच वाटतं, मी कठडा घट्ट धरून उभी होते. गाइडने वाकून बोटाने एक थेंब टाकला आणि अख्खी दरी थरथरली. ती दरी म्हणजे डोक्यावरचं छत होतं.

इथे जुनी पद्धत कळली. मुइस्का लोक झऱ्याचं खारं पाणी मातीच्या मोठमोठ्या मडक्यांत भरून दिवसेंदिवस उकळायचे, पाणी आटेल तसं अजून ओतायचे, शेवटी मडकंभर घट्ट मीठ झालं की मडकं फोडायचं. हातात यायची मिठाची ढेप. या ढेपा डोंगर उतरून लांब लांब जायच्या आणि बदल्यात कापूस आणि सोनं यायचं, कारण मुइस्कांच्या स्वतःच्या मुलखात सोनं जवळपास नव्हतंच.

आणि या ढेपांनीच त्यांचा घात केला. १५३६ मध्ये हिमेनेस दे केसादा नावाचा स्पॅनिश सरदार किनाऱ्यावरून मागदालेना नदीच्या काठाने वर निघाला. किनाऱ्यावर मीठ समुद्राचं, खड्यांचं. पण आत गेल्यावर त्याला लोकांकडे ढेपेचं मीठ दिसायला लागलं, सोबत चांगली विणलेली सुती वस्त्रं. म्हणजे वर कुठेतरी सधन मुलूख आहे, हे त्याने ताडलं, आणि मिठाचा माग काढत तो डोंगर चढला. आठशेच्या आसपास माणसं निघाली होती, उपासमार आणि तापाने वर पोहोचली ती दोनशेसुद्धा नव्हती. पण पोहोचली. १५३८ ला बोगोटा वसलं. बाबांना ही गोष्ट फार लागली. खडा मीठ आणि ढेप यातला फरक ओळखून माणूस देश जिंकतो हे त्यांना पटलंही आणि रुचलंही नाही.

दुपारी सिपाकिराला परत. स्टेशनवर बोगोटाहून शनिवार-रविवारची टुरिस्ट ट्रेन आली होती, बँड वाजवत, डब्यातून नाचत उतरणारी मंडळी. चालत जुन्या शाळेकडे गेलो. लेखक गाब्रिएल गार्सिया मार्केस इथे १९४३ ते १९४६ शिकला, सरकारी शिष्यवृत्तीवर, हॉस्टेलमध्ये राहून. कॅरिबियन किनाऱ्यावरचा सोळा वर्षांचा पोरगा, त्याला इथली थंडी अजिबात सोसली नाही. सोबत उरणचा माणूस मफलर-कानटोपीत असल्यामुळे मला ते नीट कळलं. १९८२ ला त्याला नोबेल मिळालं आणि गाव अजून त्याचं कौतुक करतंय.

पण आजच्या पोरांचा हीरो वेगळा, सायकलवाला एगान बेर्नाल. तो इथेच वाढला, २०१९ ला बावीसाव्या वर्षी टूर द फ्रान्स जिंकला, अख्ख्या लॅटिन अमेरिकेतला पहिला, तेव्हा गावाने चौकात मोठ्या स्क्रीनवर ती रेस बघितली होती. रस्त्यावर शाळकरी पोरं रेसिंग सायकली घेऊन चढावर जी सुसाट जातात, इथे मला चालताना धाप लागते.

परतीची बस संध्याकाळी. शनिवारी संध्याकाळी बोगोटाकडे येऊ नका, एवढाच सल्ला.

दिवस चौथा, रविवार

रात्रीची फ्लाइट होती, म्हणून बोगोटात गोल्ड म्युझियम. रविवारी फुकट असतं आणि त्यामुळे रांग असते, लवकर जा. वेळ कमी असेल तर सरळ मुइस्का तराफ्याच्या खोलीत जा. १९६९ मध्ये पास्का गावाजवळच्या गुहेत सापडलेला, तळहातावर मावेल एवढा सोन्याचा तराफा, मध्ये मोठा सरदार, भोवती बारकी बारकी माणसं, सगळं तारेसारखं नाजूक. एल दोरादोच्या, म्हणजे अंगाला सोनं फासून तलावात उतरणाऱ्या सरदाराच्या, दंतकथेचा पुरावा म्हणून हा दाखवतात.

सगळे सोन्याचे फोटो काढत होते. बाबा मागे हात बांधून काचेभोवती दोनदा फिरले आणि मला विचारलं, "एवढ्याला किती ढेपा गेल्या असतील?" मी म्हणलं काय माहीत. मग ते पाटीवर काही लिहिलंय का ते शोधायला लागले, पाटी स्पॅनिशमध्ये, नवऱ्याने फोन धरून भाषांतर केलं, त्यात सरदार, तलाव, विधी, सगळं होतं, मिठाचं नाव नव्हतं. "बघ," बाबा म्हणाले, आणि कॅन्टीन कुठंय ते विचारलं.